हरपलेला सूर

(नभोवाणीवरील भाषण)

आज आपणांपुढे मांडावयाचा विषय वरकरणी खेळाचा आहे. साठी उलटलेल्या आणि मॅट्रिकच्या पलीकडे ज्याची मजल गेली नाही अशा एका निवृत्त शाळामास्तराने क्रिकेटवर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. मी स्वतः या खेळात कधीही नाव मिळविले नाही. लहानपणी गुहागरच्या समुद्रकाठी ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूचा कठीण पट्टा उघडा पडला, म्हणजे माडाच्या झावळीचा दांडा तासून आम्ही बॅट करीत असू आणि भरतीचे पाणी यष्ट्यांना लागेपर्यंत खेळत असू. एवढीच काय ती माझी क्रीडानिपुणता. परंतु खेळ पाहण्यात व ऐकण्यात माझी पन्नास वर्षे गेली आहेत. म्हणून आज मी बोलणार आहे ते खेळणाऱ्यांविषयी थोडे आणि पाहणाऱ्यांविषयी अधिक.

प्रश्न असा आहे. एखादा खेळाडू दहा-पंधरा वर्षे मैदानावर अधिराज्य गाजवितो. पुढे त्याचा सूर हरपतो. शरीर कुरकुरू लागते, हमखास साधणारी गोष्ट साधेनाशी होते आणि लोक म्हणू लागतात, “याचे दिवस संपले.” मग एके दिवशी, कोणाच्या ध्यानीमनी नसता, तोच पूर्वीच्या तेजाने उभा राहतो. त्या दिवशी चाहत्यांना जो आनंद होतो, तो त्याच्या पहिल्यावहिल्या विजयाच्या आनंदाहून निराळा असतो; किंबहुना अधिक गोड असतो. हा अधिकचा गोडवा येतो कोठून?

उत्तरासाठी दूर जावयास नको. आपल्या सर्वांच्या ओळखीचे उदाहरण सचिन तेंडुलकर याचे आहे. मी त्याचा एकेरी उल्लेख करणार आहे, त्याबद्दल गैरसमज नसावा. महाराष्ट्रातील घराघरांत त्याला सचिन असेच म्हणतात, आणि या एकेरी नावात अनादर नसून घरोबा आहे. १९८९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या सोळाव्या वर्षी, कराचीला तो पहिला कसोटी सामना खेळला. आणि २००३ च्या विश्वचषक स्पर्धेत ६७३ धावा काढून सर्वांच्या पुढे राहिला. या चौदा वर्षांत तो खेळावयास येणे म्हणजे गावातील कामे थांबणे, असा शिरस्ताच पडून गेला होता.

पुढे ओहोटी लागली. २००३ च्या अखेरीस भारताचा संघ ऑस्ट्रेलियात खेळत होता. ब्रिस्बेनला सचिन शून्यावर बाद झाला. ॲडलेडला त्याने १ आणि ३७ धावा केल्या, मेलबर्नला ० आणि ४४. ॲडलेडचा सामना आपण जिंकलो खरा. परंतु तो द्रविड आणि लक्ष्मण यांच्या पराक्रमावर. सचिन आता संघाला जड झाला की काय, अशी कुजबूज तेव्हाच प्रथम कानी आली.

जानेवारी २००४ मध्ये सिडनीचा सामना आला. तेथला खेळ आपल्याकडे पहाटे पाच वाजता सुरू होई. आगरात शिंपणे करण्यापूर्वी आम्ही चारसहाजण पांघरुणे गुंडाळून शेजारच्या ओटीवर दूरदर्शन संचापुढे जमत असू. ऑफच्या यष्टीबाहेरचा चेंडू कव्हरच्या दिशेने पिटाळणे हा सचिनचा सर्वांत देखणा फटका. आणि त्याच फटक्याच्या मोहाने तो त्या दौऱ्यावर घात करून घेत होता. सिडनीला त्याने तो फटका जवळजवळ वर्ज्यच केला. गोलंदाज बाहेर आमिष टाकीत आणि हा ते सोडून देई. दहा तासांहून अधिक काळ, ४३६ चेंडू, त्याने हा संयम पाळला आणि नाबाद २४१ धावा केल्या. दुसऱ्या डावात पुन्हा नाबाद ६०.

त्या खेळीत त्याचा नेहमीचा झळाळ नव्हता. आमच्यांतील एकाने कंटाळून तसे बोलूनही दाखविले. परंतु मला त्या दिवशी एक गोष्ट उमगली. हरपलेला सूर परत मिळविणे म्हणजे पूर्वी होतो तसे पुन्हा होणे नव्हे. परत येणाऱ्याला काहीतरी मागे टाकून यावे लागते, आणि बहुधा ते त्याचे सर्वांत आवडते असते. सामान्य मनुष्य अपयश आले म्हणजे आपल्याला जे उत्तम येते तेच अधिक जोराने करू पाहतो. आपला सर्वोत्तम गुणच आपल्याला बुडवीत आहे, हे ओळखून तो काही काळ बाजूला ठेवावयास विलक्षण निर्भयता लागते.

तथापि खरी कसोटी पुढेच होती. त्याच वर्षी त्याच्या डाव्या कोपराचे दुखणे उद्भवले आणि मे २००५ मध्ये लंडनला त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. डिसेंबर २००५ मध्ये दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक काढून त्याने सुनील गावसकर यांचा विक्रम मागे टाकला. परंतु त्यानंतर धावा आटल्या आणि खांदाही दुखू लागला. अशा स्थितीत मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीसाठी तो मुंबईच्या वानखेडे मैदानावर उतरला. एकवीस चेंडूंत अवघी १ धाव काढून तो बाद झाला, आणि परत जात असता प्रेक्षकांच्या एका भागाने त्याची हुर्यो उडविली. ज्या मुंबईच्या मैदानांवर तो लहानाचा मोठा झाला, त्याच मुंबईने!

येथे मला माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगितला पाहिजे. तो माझ्या भूषणाचा नाही.

मी त्या वेळी गुहागरजवळच्या एका खेड्यात सहावीचा वर्ग शिकवीत होतो. हुर्योची बातमी वर्तमानपत्रात वाचून मी संतप्त झालो आणि त्या दिवशी भूगोलाचा तास बाजूला ठेवून वर्गाला कृतघ्नता या विषयावर चांगले अर्धा तास व्याख्यान दिले. सतरा वर्षे ज्याने आपणांस आनंद दिला, त्याच्या चार वाईट दिवसांत आपण त्याला टाकावे काय, असे मी मुलांना विचारले. मुले गप्प होती. माझे मलाच ते भाषण फार आवडले.

संध्याकाळी माझ्या एका विद्यार्थ्याची आई शाळेच्या पायरीशी भेटली. मुलाने घरी जाऊन माझे व्याख्यान सांगितले होते. ती शांतपणे म्हणाली, “गुरुजी, त्या सचिनसाठी तुमचा जीव एवढा तुटतोय. माझा पोर दिवाळीपासून मागल्या बाकावर बसलाय, तो कधी दिसला नाय का तुम्हाला?”

श्रोतेहो, मी निरुत्तर झालो. हा मुलगा पहिलीपासून गणितात वर्गाच्या पुढे असे. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याची उत्तरे चुकू लागली, वह्या अपुऱ्या राहू लागल्या. मी दोनदा रागावलो, तिसऱ्यांदा त्याला पुढल्या बाकावरून उठवून मागे बसविले आणि त्याच्या जागी दुसऱ्याला आणले. पुढल्या वर्षीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी ज्या मुलांची तयारी करून घ्यावयाची त्यांच्या यादीतून त्याचे नावही मी मनातल्या मनात खोडले होते. असे का होत आहे, हे विचारण्याचे मला सुचले नाही. त्याचे वडील दिवाळीपासून अंथरुणाला खिळले होते, आणि हा अकरा वर्षांचा मुलगा पहाटे उठून दुसऱ्याच्या आगरात शिंपणे करून मग शाळेत येत होता. वर्गात त्याचे डोळे मिटत, ते आळसाने नव्हे.

वानखेडेवरच्या त्या अनोळखी प्रेक्षकांना मी कृतघ्न म्हणालो होतो. त्यांनी तर दोन मिनिटे आरडाओरड केली. मी मात्र पाच महिने ती मुकाट्याने करीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पुढे बसविले. शाळा सुटल्यावर अर्धा तास त्याला गणिताचे उदाहरण देई, कधी नुसता बसवून ठेवी आणि तो झोपला तर झोपू देई. येथे मोठा चमत्कार घडला असे मी सांगितले तर ते खोटे होईल. सातवीत तो शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसला. शिष्यवृत्ती त्याला मिळाली नाही. परंतु गणिताचा त्याचा हात पुन्हा पूर्वीसारखा चालू लागला. पुढे मोठेपणी त्याने स्वतःची सुपारीच्या रोपांची वाडी केली, आणि तिचा हिशेब तो तोंडी करी.

आपण कोकणातील माणसे ही गोष्ट झाडांच्या बाबतीत चांगली जाणतो. हापूसचे कलम एका वर्षी भरभरून फळले, म्हणजे दुसऱ्या वर्षी बहुधा हात आखडते. त्या वर्षी त्याला मोहोर कमी आणि पालवी अधिक. म्हणून कोणी त्याच्यावर कुऱ्हाड घालीत नाही. ते रिते वर्ष वाया गेलेले नसते, पुढच्या फळांचे लाकूड त्याच वर्षी तयार होत असते, हे अडाणी गड्यालाही ठाऊक असते. माणसाच्या बाबतीत मात्र आपण दर मोसमाला टोपलीच मोजतो.

असो. सचिनची कथा अर्ध्यावर राहिली. मुंबईच्या त्या सामन्यानंतर त्याच्या खांद्यावरही शस्त्रक्रिया झाली. मार्च २००७ मध्ये वेस्ट इंडीजमधील विश्वचषकात भारताचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. श्रीलंकेविरुद्धच्या निर्णायक सामन्यात सचिन शून्यावर बाद झाला. त्या वेळी खेळ सोडण्याचा विचार आपल्या मनात आला होता आणि वडील बंधू अजित व वेस्ट इंडीजचे थोर फलंदाज व्हिव्हियन रिचर्ड्स यांच्या शब्दांनी आपण सावरलो, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. ध्यानात घ्या, एवढ्या कीर्तीच्या माणसालाही ‘तुझ्यात अजून खेळ आहे’ असे म्हणणारे कोणीतरी लागले. लाखो लोकांची हुर्यो ज्या पारड्यात पडली होती, ते पारडे दोन माणसांच्या विश्वासाने वर उचलले गेले.

त्याच वर्षी एकदिवसीय सामन्यांत तो तीन वेळा ९९ धावांवर बाद झाला. हात बसत होता, परंतु दैव हुलकावणी देत होते. मग जानेवारी २००८ मध्ये त्याच सिडनीला नाबाद १५४ आणि त्यापाठोपाठ ॲडलेडला १५३. त्या वर्षीच्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला, आणि तीन आठवड्यांच्या आत चेन्नईला इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. विजयासाठी शेवटच्या डावात ३८७ धावा हव्या होत्या. सचिन नाबाद १०३ राहिला. ज्या चौकाराने त्याचे शतक पुरे झाले त्याच चौकाराने भारताचा विजयही पुरा झाला. आपले शतक त्याने मुंबईच्या हल्ल्यात बळी पडलेल्यांस वाहिले. पूर्वी आपण त्याच्या धावा मोजीत असू. त्या दिवशी कोणी मोजल्या नाहीत.

२४ फेब्रुवारी २०१० चा ग्वाल्हेरचा सामना मला विशेष आठवतो. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय सामन्यात त्याने १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांतील ते पहिले द्विशतक. पुरुषांच्या असे मी मुद्दाम म्हणतो. कारण ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क या बाईंनी १९९७ सालीच, तेही आपल्या मुंबईत, डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या, आणि शिक्षकाने ज्याचे माप त्याच्या पदरी घालावे. ग्वाल्हेरच्या त्या डावाच्या अखेरीस आम्ही गुहागरच्या बाजारात एका दुकानापुढे दाटीवाटीने उभे होतो. माझ्या शेजारी एक सुपारीचे व्यापारी होते. २००७ च्या पराभवानंतर ‘आता याला हाकला’ असे चारचौघांत त्यांनीच म्हटले होते. दोनशेवी धाव झाली, सारा बाजार ओरडू लागला. हे गृहस्थ मात्र ओरडले नाहीत. उपरण्याने डोळे पुशीत मला म्हणाले, “आपलं चुकलंच होतं, मास्तर.”

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या एका वाक्यात मिळाले. पहिल्या यशाच्या वेळी आपण केवळ आनंदित होतो. आपल्या अंगावर कसलेही देणे नसते. परंतु जो पडला, ज्याला आपण मनातून सोडले, तो जेव्हा पुन्हा उभा राहतो, तेव्हा त्याच्या यशाबरोबर आपली चूकही आपल्यासमोर येते, आणि ती चूक सोसण्याजोगी होते. आपल्या अविश्वासाने त्याचे वाटोळे झाले नाही, याबद्दल आपणांस सुटल्यासारखे वाटते. त्या आनंदातील अधिकचा गोडवा म्हणजे न मागता मिळालेली क्षमा होय.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. गोल्फ हा खेळ आमच्या गुहागरात कोणी खेळत नाही. विस्तीर्ण हिरवळीवर काठीने लहानसा पांढरा चेंडू मारीत मारीत एकामागून एक अठरा भोकांत घालावयाचा आणि ज्याला सर्वांत कमी फटके लागले तो जिंकला, इतकेच त्याचे स्वरूप सांगितले म्हणजे पुरे. अमेरिकेचा टायगर वुड्स हा त्या खेळाचा कित्येक वर्षे अनभिषिक्त राजा होता. १९९७ ते २००८ या काळात त्याने चौदा प्रमुख स्पर्धा जिंकल्या. पुढे त्याच्या खासगी वर्तनातील दोष बाहेर आले आणि त्याबद्दल त्याने २०१० साली जाहीर क्षमा मागितली. त्यानंतर पाठीने दगा दिला. चार शस्त्रक्रिया झाल्या, शेवटच्या शस्त्रक्रियेत कण्याचे मणके सांधावे लागले. २०१७ च्या अखेरीस जगाच्या क्रमवारीत त्याचा क्रमांक हजाराच्याही खाली गेला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये अटलांटा येथे तो पुन्हा स्पर्धा जिंकावयास निघाला, तेव्हा हजारो प्रेक्षक दोऱ्या ओलांडून त्याच्या मागोमाग हिरवळीवरून चालू लागले. एप्रिल २०१९ मध्ये ऑगस्टा येथील मानाची मास्टर्स स्पर्धा त्याने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी जिंकली. आधीच्या प्रमुख विजयानंतर अकरा वर्षांनी. त्या गर्दीतही आमच्या सुपारीच्या व्यापाऱ्यांसारखी माणसे असतीलच, याविषयी मला शंका नाही.

परंतु यावरून सर्वांनी धीर धरला म्हणजे सूर परत येतोच, असा सोपा बोध मी काढणार नाही. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला. ज्या मैदानावर त्याची हुर्यो उडाली होती, तेथेच सोबत्यांनी सचिनला खांद्यावर घेऊन फिरविले. इतकी वर्षे याने देशाचे ओझे वाहिले, आता आम्ही याला वाहू, अशा आशयाचे उद्गार तरुण विराट कोहलीने काढले. कथा येथे संपली असती तर फार सुरेख झाले असते. परंतु आयुष्य तसे थांबत नाही. जानेवारी २०११ मध्ये केपटाउनला काढलेले १४६ धावांचे शतक हे त्याचे शेवटचे कसोटी शतक ठरले. शंभराव्या आंतरराष्ट्रीय शतकासाठी त्याला वर्षभर वाट पाहावी लागली. ते मार्च २०१२ मध्ये मीरपूरला झाले, आणि तो सामना आपण बांगलादेशाकडून हरलो. या वेळी हरपलेला सूर पूर्वीसारखा परत आला नाही.

तरीही १४ नोव्हेंबर २०१३ रोजी आपल्या दोनशेव्या आणि अखेरच्या कसोटीसाठी तो वानखेडेवर उतरला, तेव्हा मैदान तुडुंब भरले होते. दुसऱ्या दिवशी तो ७४ धावांवर बाद झाला. क्षणभर शांतता पसरली, आणि मग सारे मैदान उभे राहिले. सात वर्षांपूर्वी १ धावेवर परतणाऱ्याला हिणवणारे मैदान शतक हुकल्यावर टाळ्या वाजवीत होते. सचिन परत आला याचा आनंद आपण मानतो. परंतु त्या दिवशी खऱ्या अर्थाने परत आला होता तो प्रेक्षक.

निरोपाच्या भाषणात सचिनने आपले गुरू रमाकांत आचरेकर यांचा उल्लेख केला. एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला कधी ‘चांगला खेळलास’ असे म्हटले नाही, कारण त्याने आपण शेफारून जाऊ असे त्यांना वाटे, असे तो म्हणाला. ते ऐकून मी विचारात पडलो. आचरेकर सरांनी शाबासकी दिली नाही, परंतु शिष्याला मागल्या बाकावरही बसविले नाही. यशाच्या दिवशी त्यांनी तोंड आवरले असेल; अपयशाच्या दिवशी मात्र हात सोडला नाही. आपण चाहते बरोबर याच्या उलट करतो.

आपणां सर्वांच्या घरी, शाळेत, दुकानात, आगरात कोणी ना कोणी असे असते, ज्याचा सूर सध्या हरपला आहे. तो परत येईल किंवा न येईल. ते आपल्या हाती नाही. त्याला कोणत्या बाकावर बसवावयाचे, एवढेच काय ते आपल्या हाती आहे. मला हे शिकविण्यास एका आईला शाळेच्या पायरीपर्यंत चालत यावे लागले. आपणांवर ती वेळ न येवो, इतकी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतो.